शुक्रवारचा शिक्का

सोमवारी सकाळी साडेदहाला, चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता, डेलिथ पारफिटला आपलं स्वतःचं वाक्य दुसरीच्या नावावर छापलेलं सापडलं. छापखान्याकडून तपासायला आलेली प्रत होती ती. सरकारी आकडेवारीची आचारसंहिता, बावन्न पानं, अजून शिवलेली नव्हती, शाईचा वास येत होता. पहिल्याच पानावर गेनर टॅम्प्लिनची प्रस्तावना आणि तिच्या तिसऱ्या ओळीत, ‘आकडा तयार झाला की तो लोकांचा, मग तो कुणाच्याही सोयीसाठी तासभरसुद्धा दाबून ठेवायचा नाही.’ डेलिथने ते एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. वाक्य जागचं हललं नाही. खाली गेनरची सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढलेली. चहा सांडला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी पुसत बसता आलं असतं. पण तिच्या हातून कधी काही सांडायचं नाही. एकोणतीस वर्षांत या कचेरीत डेलिथ पारफिटच्या हातून ना चहा सांडला, ना बेरीज चुकली, ना बढती एका पायरीपुढे सरकली. तिने घोट घेतला. साखर घातली होती तरी चहा कडूच लागला.

“बघितलीस प्रत?” काचेच्या खोलीतून गेनरने मान बाहेर काढली. “कशी झालीय प्रस्तावना? खरं सांग हं, देल. मला मेलीला लिहिता येत नाही, तुला ठाऊकच आहे.”

“छान आहे.”

“नुसतं छान?”

“तिसरी ओळ फार छान आहे.”

“ती ना!” गेनर खुलली. “ती गाडीत सुचली बघ. ब्रिनली सिग्नलला थांबला होता आणि आलीच एकदम, आपोआप. त्याला म्हटलं, कागद दे, कागद दे. पावतीच्या पाठीवर लिहिली.” आणि हसत हसत मान आत गेली, दार मिटलं, काचेपलीकडे ती कुणाला तरी फोन लावताना दिसायला लागली.

आपोआप. गेनरचं सगळं आपोआप व्हायचं. मत्सराचं असं असतं, मोठ्या गोष्टी त्याला पचतात, घशात अडकतात ते बारीकसारीक काटे. गेनर साहेबीण झाली तेव्हा डेलिथला फार लागलं नव्हतं. तिने स्वतः केक आणला होता, मेणबत्ती लावली होती. लागायचं ते भलतंच. कँटीनची बाई गेनरला न मागता ॲपल पायची कुरकुरीत कड द्यायची आणि डेलिथला मधला ओला तुकडा. गेनरने तीनदा छत्री हरवली आणि तिन्ही वेळा कुणीतरी ती घरपोच आणून दिली. डेलिथची एकदाच हरवली, ती हरवलीच. गेनर लोकांची नावं विसरायची आणि लोक त्यावर हसायचे. डेलिथला साठ जणांचे वाढदिवस पाठ होते आणि ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. सव्वापाचला फाटकाशी ब्रिनली गाडी सुरू ठेवून उभा असायचा, बायकोसाठी दार आतून उघडायचा. डेलिथ रिस्काला, घरी जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे चालत जाताना ते दार उघडल्याचा आवाज ऐकायची, रोज, आणि रोज तिला वाटायचं की आज ऐकायचं नाही. ब्रिनली तिला आवडत होता असंही नव्हे. नाकात बोलायचा. पण ते आतून उघडणारं दार!

दोघी एकाच सोमवारी कामावर लागल्या होत्या. एका टेबलाला दोघी, मध्ये एक यंत्र, दांडा ओढून बेरीज करायचं. गेनरच्या बेरजा चुकायच्या आणि डेलिथ त्या जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करून द्यायची. गेनर म्हणायची, “तू नसतीस तर मला कधीच हाकललं असतं.” हे तिने पुढे निरोपसमारंभांत, साहेबांसमोर, मंत्र्यांसमोरसुद्धा सांगितलं. लोकांना तिचं केवढं कौतुक! किती मोकळ्या मनाची बाई! म्हणजे डेलिथचे उपकारसुद्धा शेवटी गेनरच्याच खात्यावर जमा. आणि आता वाक्यही. डेलिथने पेन्सिल घेतली, तिसऱ्या ओळीखाली फिकट रेघ ओढली, मग खोडरबराने पुसली. कागद जरासा खरखरीत झाला, तेवढंच.

कायदा गेल्या वर्षी झाला होता. त्यात म्हटलं होतं की सरकारी आकडे कसे गोळा करायचे, कधी जाहीर करायचे, कुणी त्यात हात घालायचा नाही, याची एक संहिता होईल. आणि ती करायचं काम फिरत फिरत न्यूपोर्टच्या या कचेरीत गेनरच्या टेबलावर आलं होतं. डेलिथकडे होती नोंदवही. मसुदा लोकांपुढे ठेवला की लोक हरकती पाठवतात. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक शिक्का मारायचा, वहीत तारीख लिहायची. नियम सोपा होता. मुदत गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपली. मुदतीत आलेल्या पत्रात एखाद्या मूळ तत्त्वालाच हरकत असेल तर मसुदा नव्याने बारा आठवडे लोकांपुढे ठेवायचा. मुदतीनंतर आलं तर आभाराचं पत्र पाठवून फाइलला लावायचं. एकशे त्रेसष्ट पत्रं आली होती आणि सगळी स्वल्पविरामांबद्दल. येत्या गुरुवारी लंडनला आकडेवारी मंडळाची बैठक, गेनर उभी राहून संहिता वाचणार, आणि एक जानेवारीपासून ती लागू. “एक दिवससुद्धा उशीर परवडायचा नाही, देल,” गेनर महिनाभर घोकत होती. “हा हिवाळा वाईट जाणार आहे.”

ते तर कुणीही सांगितलं असतं. बँका बुडाल्या होत्या, खोऱ्यांतले कारखाने माणसं कमी करणार असल्याच्या आगाऊ सूचना पाठवत होते. त्या सूचनांची खोऱ्यानुसार बेरीज होऊन जानेवारीत आकडा निघायचा होता. संहिता लागू असली तर तो ठरलेल्या दिवशी सकाळी साडेनऊला सगळ्या जगाला एकदम कळणार. नसली तर तो आधी वर, मंत्र्यांकडे जाणार, आणि वर गेलेला आकडा खाली कधी येतो हे डेलिथला चांगलं माहीत होतं. कालच रविवारी आयव्हरकडे जेवायला गेली होती ती. आयव्हर, तिचा थोरला भाऊ, सत्तरीला आलेला, मटणावर पुदिन्याची चटणी ओततो की चटणीवर मटण ठेवतो हे न कळणारा. त्याची मुलगी कॅरिस मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होती. तिला ब्रिस्टलच्या एका इस्पितळाच्या मुदपाकखान्यात जागा चालून आली होती, जानेवारीअखेर कळवायचं होतं. दोन पोरं, त्यांची शाळा, म्हातारा बाप. कारखाना टिकणार असेल तर तिला जायचं नव्हतं.

“तुझे आकडे काय म्हणतात, देल?” आयव्हरने बटाटा तोंडात असतानाच विचारलं होतं. “की अजून वरच्या मजल्यावर शिजताहेत?”

“बाबा, आत्याला छळू नका,” कॅरिस म्हणाली.

“छळतोय कुठे? विचारतोय. सरकारी बहीण आहे माझी. तिला सगळं माहीत असतं, फक्त बोलत नाही. लहानपणी पण अशीच. बिस्किटं कुणी खाल्ली विचारलं की भिंतीकडे बघायची.”

“जानेवारीत कळेल,” डेलिथ म्हणाली होती. “या वेळी ठरल्या दिवशी कळेल. तसा नियमच होतोय.” आणि ते म्हणताना तिला एक प्रकारचा अभिमान वाटला होता, जसा काही नियम तिनेच घरी विणून आणला होता. आयव्हरने चटणीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

या वेळी. म्हणजे एक मागची वेळ होती. ती वेळ डेलिथने अठ्ठावीस वर्षं नीट घडी घालून ठेवलेली, पण सोमवारी सकाळी त्या तिसऱ्या ओळीने ती घडी मोडली. कामाला लागून सहा महिने झाले होते. तेव्हाही आगाऊ सूचना यायच्या, तेव्हाही तीच बेरीज. तिच्या स्वतःच्या हाताने दांडा ओढला आणि यंत्राच्या पट्टीवर आकडा उमटला: त्यांच्या खोऱ्यात चार हजार एकशे सत्तावीस माणसं जाणार. मंगळवार होता. त्या चार हजारांत आयव्हरचा पोलाद कारखाना होता. आकडा वर गेला आणि वरच बसला. कुठे तरी पोटनिवडणूक होती म्हणे. एक आठवडा, दोन आठवडे. आयव्हरला कॅनडातून पत्र आलं होतं, तिथल्या भट्टीवर काम, महिन्याच्या आत ये म्हणून. आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, त्याने तिला विचारलं होतं, “देल, तुला काही माहीत आहे का गं? तू तिथे असतेस. मी जाऊ का नको?” आणि तिने, सहाच महिन्यांपूर्वी गुप्ततेच्या कागदावर सही केलेल्या त्या बहिणीने, नळाकडे बघत म्हटलं होतं, “मला काय माहीत?” आयव्हरने कॅनडाला नकार कळवला. पाचव्या आठवड्यात आकडा जाहीर झाला, सातव्यात फाटक बंद. त्यानंतर आयव्हर कधी भट्टीसमोर उभा राहिला नाही. शाळेची राखण, पेट्रोलपंप, मग काहीच नाही. त्याने तिला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त दर रविवारी, बटाटा तोंडात ठेवून, तुझे आकडे काय म्हणतात.

आणि ज्या दिवशी तो आकडा जाहीर झाला त्या दिवशी कचेरीच्या न्हाणीघरात, गरम पाण्याच्या नळ्यांवर वाळत घातलेल्या हातमोज्यांच्या कुबट वासात, ती बोलली होती ते वाक्य. तिथलंच ते. गेनर होती शेजारी, ऐकणारी. आकडा तयार झाला की तो लोकांचा. रडत रडत म्हणाली होती ती, पोटातून. ते वाक्य आयव्हरच्या हाडामांसातून आलेलं आणि ही बया म्हणते, सिग्नलला सुचलं! पावतीच्या पाठीवर! डेलिथच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, उठावं आणि काचेवर टकटक करून म्हणावं, अगं, माझं आहे ते. पण तिला ऐकू येत होतं गेनर काय म्हणेल ते. ती तोंडावर हात ठेवेल, “अय्या, खरंच की गं!” म्हणेल, आणि ताबडतोब प्रस्तावनेत लिहील: माझी मैत्रीण डेलिथ पारफिट हिच्या या उद्गारांनी मला प्रेरणा दिली. आणि लोकांना पुन्हा तिचंच कौतुक.

सव्वाअकराला सरकारी थैली आली. लंडनच्या खात्यांतून येणारी पत्रं या थैलीतून यायची, त्यांवर टपालाचा शिक्का नसायचा. इथे पोचली ती तारीख म्हणजे डेलिथ जी ठोकेल ती. तीन पाकिटं होती. दोन परिपत्रकं, आणि तिसऱ्यात एका बड्या खात्याच्या मंत्रिकार्यालयाचं दोन पानी पत्र, जाड कागदावर. मुदतीनंतर आलेलं, म्हणजे आभार मानून फाइलला. तरी तिने ते वाचलं, कारण ती प्रत्येक कागद वाचायची. चौथ्या कलमाला हरकत होती. अपवादात्मक परिस्थितीत, जनतेत अकारण घबराट पसरू नये म्हणून, तयार आकडा योग्य वेळ येईपर्यंत राखून ठेवण्याची मुभा मंत्रिमहोदयांना असावी, अशी विनंती होती. योग्य वेळ! राखून ठेवणे! डेलिथला त्या पत्रात पुदिन्याच्या चटणीचा वास आला. ज्यांनी आयव्हरला पाच आठवडे अंधारात ठेवलं त्यांचीच ही पोरं, फक्त कागद अधिक गुळगुळीत. लबाडांनो, उशिरा आलात. तीन दिवस उशिरा. तिला हसू आलं. तिने शिक्का उचलला.

शिक्क्याला चार चाकं असतात: वार, दिवस, महिना, साल. सोमवारी सकाळी आल्या आल्या ती अंगठ्याने पहिली दोन पुढे सरकवायची, शनिवार-रविवार ओलांडून. ते ती करून बसली होती. काचेपलीकडे गेनर फोनवर बोलत होती. समोर प्रत धरून तीच ओळ वाचून दाखवत होती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. आणि पलीकडच्याने काही म्हटलं असावं, कारण गेनरने मान मागे टाकली, गळ्याशी हात नेला आणि लाजली. चक्क लाजली, साठीला आलेली बाई. आता गुरुवारी मंडळासमोर उभी राहून वाचणार, टाळ्या पडणार, पुढच्या उन्हाळ्यात राणीच्या सन्मानयादीत नाव येणार, ब्रिनली दार उघडणार. डेलिथच्या अंगठ्याला चाकाचे दात लागले. दोन्ही चाकं, एक, दोन, तीन घरं मागे. तिने काही ठरवलं नव्हतं. पुढे कुणी विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की ठरवलं नव्हतं. अंगठा फिरला, हात खाली आला, आणि जाड कागदावर जांभळ्या शाईत शुक्रवार उमटला. मग वहीत तिच्या त्या सुबक, उभ्या अक्षरांत: एकशे चौसष्ट, शुक्रवार, पावणेपाच. ‘पावणेपाच’ मात्र ठरवून लिहिलं. शाई वाळेपर्यंत ती बघत राहिली. छातीत हलकं वाटलं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं, आणि तसंच जरा ओकारी येईल असंही.

दुपारी गेनर गावात बैठकीला गेली. चार वाजता डेलिथने पत्र तिच्या ट्रेमध्ये ठेवलं, सगळ्यात वर. बारा आठवडे, मग छाननी, मग पुन्हा बैठक. एक जानेवारी जाऊन ईस्टर उजाडेल. तोवर जानेवारीचा आकडा वर जाऊन शिजून घेईल. हे सगळं तिला बेरजेसारखं दिसत होतं, तळाच्या ओळीपर्यंत. कॅरिस दिसत होती. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, आई म्हणायची. आणि इथे तर नाकही कॅरिसचं. तरी ती उठली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून, ओहोटीने उघड्या पडलेल्या नदीच्या चिखलाकडे बघत, ती पुन्हा त्या न्हाणीघरात गेली, आपल्या रागाला थोडं सरपण मिळावं म्हणून. हातमोजे. नळ्या. गेनरचा हिरवा स्वेटर. आपण रडतोय. आणि मग वाक्य. तिने ते आपल्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला आणि ते येईना. आपल्या आवाजात नुसता हुंदका येत होता, आणि हुंदक्यावरून कुणी तरी हात फिरवत होतं आणि म्हणत होतं, “असं नाही चालत, देल. तयार झाला की लोकांचा तो. एक दिवस आपण नियम करू बघ.” हिरव्या स्वेटरमधून येत होता तो आवाज. की ‘नियम करू’ तेवढं गेनरचं आणि आधीचं आपलं? की आधीचंही? तिला चार हजार एकशे सत्तावीस आठवत होतं, मंगळवार आठवत होता, हातमोज्यांचा वास आठवत होता, आणि ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं तेवढंच आठवत नव्हतं. रिस्का मागे पडलं हे कळलं तेव्हा ती एक थांबा पुढे गेली होती. चालत परत यावं लागलं.

मंगळवारी सकाळी नऊला गेनर पत्र हातात घेऊन तिच्या टेबलाशी आली. कोट अजून अंगात, एका गालावर पावडर जास्त.

“देल, हे कधी आलं?”

“शिक्का आहे की त्यावर.”

“शिक्का दिसतोय गं. मी शुक्रवारी सव्वापाचपर्यंत इथेच होते, बोलली नाहीस ती?”

“ढिगात होतं. पाकिटावर शिक्का मारून ठेवला, उघडलं काल.” शिक्का पाकिटावर नव्हता, पत्रावर होता. एवढी ढोबळ चूक डेलिथच्या हातून एकोणतीस वर्षांत झाली नसेल. तिने ओठ आवळले आणि वाट बघितली. गेनरची नजर पत्रावर होती, शिक्क्यावर होती, आणि तिच्या डोक्यात काही शिरलं नाही. किंवा शिरलं असेल तर तिने ते तिथेच बसवून ठेवलं.

“मेल्यांनी बरोबर शेवटच्या क्षणी गाठलं,” गेनर म्हणाली. ती डेलिथच्या टेबलाच्या कडेवर टेकली, पूर्वी एका टेबलाला दोघी असताना टेकायची तशी. “चौथं कलम. तेच. म्हणजे बारा आठवडे. संपलंच म्हण ना.” मग एकदम, “आयव्हरच्या पोरीचं काय झालं गं? ते ब्रिस्टलचं?”

“तुला कसं माहीत?”

“अगं, तूच नाही का सांगितलंस, ख्रिसमसच्या याद्या करताना? मी मनात धरून होते, जानेवारीत तिला कळेल म्हणून. आता नाही व्हायचं ते.” तिने पत्राची घडी घातली, उलगडली. “सगळ्या कॅरिसांना बिचाऱ्यांना पुन्हा डोळे मिटून उडी. जाऊ दे. ॲटवेलला फोन करते.”

ॲटवेल म्हणजे लंडनच्या मंडळाचा सचिव. काचेचं दार या वेळी तिने मिटलं नाही. डेलिथ नोंदवही उघडून बसली होती आणि तिला एकेक शब्द ऐकू येत होता. गुरुवारचं वाचन रद्द करावं लागेल असं गेनर सांगत होती, शांतपणे, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं. डेलिथने आनंदाची वाट बघितली. आता येईल, आता येईल. काहीच आलं नाही. पलीकडून ॲटवेल बराच वेळ बोलत होता.

“नाही, साहेब,” गेनर म्हणाली. “तसं नाही करता येणार... मला समजतं, तीनच दिवसांचा प्रश्न आहे, सोमवारी आलं असं धरलं तर कुणाला कळणारही नाही. पण शिक्का शुक्रवारचा आहे. आपणच तारखा फिरवायला लागलो तर संहिता कशाला हवी?... छे छे, वहीत शंकाच नको. वही डेलिथ पारफिटकडे असते. तिने शुक्रवार लिहिलाय म्हणजे तो शुक्रवारच. मला एक वेळ माझ्या लग्नाच्या तारखेबद्दल खात्री देता येणार नाही, पण तिच्या वहीबद्दल देईन.”

डेलिथला शरम वाटली. आणि त्या शरमेच्याही खाली पुन्हा तेच होतं: ही इतका विश्वास टाकू शकते! असा डोळे मिटून, पावतीच्या पाठीवर लिहून दिल्यासारखा! आपण जन्मात कुणाच्या वहीवर असा टाकला नाही. हेही हिलाच जमतं, आपोआप. ती उठली. खोलीत शिरली, गेनरच्या टेबलाला धरून उभी राहिली.

“सोमवारी आलं ते,” ती म्हणाली.

गेनरने फोनच्या तोंडावर हात ठेवला. “काय?”

“काल. सव्वाअकराच्या थैलीतून. मी चाक मागे फिरवलं.”

गेनर तिच्याकडे बघत राहिली. का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर डेलिथने सगळं सांगितलं असतं, कुरकुरीत कडेपासून, छत्रीपासून. पण गेनरच्या चेहऱ्यावर आश्चर्यच नव्हतं. होतं ते जुनं, ओळखीचं, दमलेलं काहीतरी. जसं काही तिला हे दुखणं केव्हापासून ठाऊक होतं आणि ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती. तिने डेलिथच्या टेबल धरलेल्या हातावर आपला हात ठेवला, दोनदा थोपटला, आणि फोनवरचा हात काढला.

“ॲटवेलसाहेब, एक दुरुस्ती आहे. पत्र मुदतीनंतरचं आहे, काल आलेलं. हो. गुरुवारी ठरल्याप्रमाणे. एका दिवसाचाही उशीर नाही... नाही, तसं काही नाही हो, आमच्या इथली चूक. तारखेचं चाक अडकतं कधी कधी, नवीन मागवायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. माझ्या नावावर लिहा.”

माझ्या नावावर! डेलिथला हायसं वाटायला हवं होतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, अब्रू वाचली होती, कॅरिसला जानेवारीत कळणार होतं. डोळ्यांत पाणी येऊन तिने त्या थोपटणाऱ्या हाताला बिलगायला हवं होतं. त्याऐवजी टाळूपर्यंत जाळ गेला. तिने गेनरच्या हातातून फोन ओढून घेतला. फोनच्या वायरीने पेनांचा पेला पाडला, पेनं जमिनीवर घरंगळली.

“हॅलो. डेलिथ पारफिट बोलतेय. चाकाला काही झालेलं नाही, चांगलं फिरतं. तारीख मी बदलली, मुद्दाम. उशीर व्हावा म्हणून.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. मग ॲटवेलचा जपून आवाज आला. “बाई, असं असेल तर मला ते नोंदवून घ्यावं लागेल. गुरुवारच्या कागदांत येईल. आणि ते कागद जाहीर होतात, नावासकट. तुम्ही विचार करून बोलताय ना?”

गेनर दोन्ही हातांनी नको नको म्हणत होती. मान हलवत होती, ओठांनी ‘ठेव, ठेव खाली’ म्हणत होती, आणि आता मात्र रडत होती.

“घ्या ना नोंदवून,” डेलिथ म्हणाली. “डेलिथ मे पारफिट, पूर्ण नाव घाला. आणि एक बघा, गेनर टॅम्प्लिनचं नाव यात कुठेही येता कामा नये.”